आभासी यंत्राला दिलेला शब्द

१४ फेब्रुवारी २०२३ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०२२ साठी दर महिन्याचं नेहमीचं अपडेट काढलं. ज्यांचे सर्व्हर व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय ६.७ किंवा ७.० वर आभासी यंत्रं म्हणून चालत होते आणि ज्यांनी सुरू होताना सही तपासणारं सिक्युअर बूट चालू ठेवलं होतं, त्यांनी ते बसवलं, यंत्रं बंद करून पुन्हा चालू केली, आणि ती उठेनात. व्हीएमवेअरच्या बाजूला कुणी हातही लावलेला नव्हता. झालं होतं एवढंच, की मायक्रोसॉफ्टने बूटलोडरवर नव्या पद्धतीची डिजिटल सही केली होती. सही अस्सल होती, पण ईएसएक्सआय आपल्या यंत्रांना जे आभासी फर्मवेअर पुरवतो, त्याला ती ओळखता आली नाही. त्याने ती खोटी ठरवून दार लावून घेतलं. आठवडाभरात व्हीएमवेअरने ७.० साठी दुरुस्ती आणली. ८.० वर गेलेल्यांना या भानगडीची झळच लागली नाही. ६.७ वाल्यांची मात्र पंचाईत झाली, कारण त्या आवृत्तीचा सर्वसाधारण सपोर्ट ऑक्टोबर २०२२ मध्येच संपला होता. त्यांच्यापुढे मार्ग उरले ते सिक्युअर बूट बंद करण्याचा, ते अपडेट न बसवण्याचा किंवा वर्षानुवर्षं टाळलेलं अपग्रेड उरकून टाकण्याचा.

हे अपग्रेड लोक टाळतात ते आळसाने नव्हे. बँका, विद्यापीठं, रुग्णालयं, सरकारी खाती अशा अनेक ठिकाणी स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये स्वतःच्या मालकीचे सर्व्हर असतात. त्यांवर ईएसएक्सआयसारखं हायपरव्हायझर नावाचं सॉफ्टवेअर बसवून एका खऱ्या यंत्रावर वीस-तीस आभासी यंत्रं चालवली जातात. हवं तेव्हा नवं यंत्र उभं करायचं, नको तेव्हा मोडायचं, अशी सोय त्यावर उभारली की त्याला खाजगी क्लाउड म्हणतात. पगारपत्रक, ग्राहकांची खाती, क्ष-किरणांच्या प्रतिमा, सगळं त्याच्या आत. वरचा अनुप्रयोग बदलणं एक वेळ सोपं, कारण त्यात तेवढाच अनुप्रयोग बंद पडतो. हायपरव्हायझर बदलायचा म्हणजे सगळ्यांच्या पायाखालची जमीन बदलायची, तीही कुणाला न हलवता.

मुळात हायपरव्हायझर हा थापाड्या आहे. आभासी यंत्रातल्या विंडोजला किंवा लिनक्सला तो सांगतो की तू खऱ्या संगणकावर आहेस, हा तुझा प्रोसेसर, ही तुझी डिस्क, हे तुझं नेटवर्क कार्ड. लिनक्सच्या जगात ज्या क्यूईएमयूवर बरंचसं आभासीकरण चालतं, तो आजही आपल्या आभासी यंत्राला बऱ्याचदा इंटेलचा ४४०एफएक्स हा १९९६ सालचा चिपसेट दाखवतो. व्हीएमवेअरचं ई१००० नावाचं आभासी कार्ड म्हणजे इंटेलच्या ८२५४५ईएम या जुन्या कार्डाची नक्कल. खाली अगदी ताजा कोरा सर्व्हर असला तरी आतल्या यंत्राला वाटतं, आपण पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या मदरबोर्डवर बसलो आहोत. यात काही वावगं नाही. उलट जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमना ओळखीचं हार्डवेअर दिसावं म्हणूनच ही थाप मारलेली असते. पण एकदा मारलेली थाप शेवटपर्यंत निभवावी लागते. हायपरव्हायझरची नवी आवृत्ती आली आणि तिने तीच गोष्ट थोडी वेगळी सांगितली, की आतलं यंत्र गोंधळतं. कम्पॅटिबिलिटीच्या बहुतेक तक्रारी खणून पाहिल्या तर तळाशी हेच निघतं.

प्रोसेसरचंच पाहा. व्हीएमवेअरने २००३ मध्ये व्हीमोशन आणलं, तेव्हा चालू आभासी यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर उचलून नेता येऊ लागलं. आतल्या वापरकर्त्याला पत्ताही लागत नाही. अपग्रेडचा सगळा डोलारा या युक्तीवर उभा आहे: एका होस्टवरची, म्हणजे खऱ्या सर्व्हरवरची, यंत्रं शेजारच्या होस्टवर हलवायची, रिकामा होस्ट अपग्रेड करायचा, यंत्रं परत आणायची, मग पुढचा होस्ट. अडचण अशी की ऑपरेटिंग सिस्टीम प्रोसेसरला 'तुला काय काय येतं' हे साधारणपणे सुरू होतानाच विचारते, आणि त्या उत्तरावर विसंबून राहते. मधल्या काळात तिला कमी येणाऱ्या प्रोसेसरवर नेऊन ठेवलं, तर ज्या सूचनेवर ती भरवसा ठेवून होती ती सूचनाच तिथे नसते आणि प्रोग्राम कोसळतो. म्हणून २००८ च्या सुमारास ईव्हीसी ही सोय आली. होस्टच्या गटातल्या, म्हणजे क्लस्टरमधल्या, सगळ्यांत जुन्या प्रोसेसरला जेवढं येतं तेवढंच सगळ्यांनी कबूल करायचं. नव्या महागड्या प्रोसेसरनेही आपली हुशारी लपवून जुन्याच्या पातळीवर बसायचं. यात कामगिरीचं नुकसान आहेच, पण हलवाहलव सुखरूप होते.

प्रोसेसरला येणाऱ्या गोष्टींची यादी कायमची ठरलेली असते, हे या सोयीमागचं गृहीतक. ते जानेवारी २०१८ मध्ये मोडलं. स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या आणि त्यांवर उपाय म्हणून इंटेलने मायक्रोकोडमधून, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरमधून, त्याला नव्या क्षमता दिल्या. म्हणजे तोच प्रोसेसर, तोच सर्व्हर, पण कालपेक्षा आज त्याला जास्त येतं. पॅच केलेल्या होस्टवर सुरू झालेलं यंत्र त्या नव्या क्षमता पाहून घेई, आणि मग पॅच न केलेल्या होस्टवर जायला तयार होत नसे. त्यातच हॅसवेल आणि ब्रॉडवेल पिढीतल्या प्रोसेसरवर तो मायक्रोकोड बसवल्यावर सर्व्हर आपोआप रीबूट होऊ लागले. व्हीएमवेअरला तो मायक्रोकोड असलेले पॅच मागे घ्यावे लागले. ज्यांनी घाईने बसवले त्यांना ते निस्तरावे लागले, ज्यांनी थांबून पाहिलं त्यांना थांबल्याचं समाधान मिळालं. सुरक्षेच्या बाबतीत थांबणं हा गुण मानायचा की दोष, हे त्या महिन्यात कुणालाच ठरवता येत नव्हतं.

याच्या उलट प्रकार अधिक चमत्कारिक. टीएसएक्स नावाची सोय इंटेलने २०१३ मध्ये हॅसवेल प्रोसेसरबरोबर दिली. एकाच वेळी अनेक धाग्यांनी एकाच स्मृतीत काम करायचं असेल तर त्याचा वेग वाढवणारी ही सोय. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेलने सांगितलं की यात चूक आहे, आणि मायक्रोकोडने ती सोय बंद केली. प्रोसेसर विकत घेताना होती, वर्षभराने नाही! क्यूईएमयू आणि त्याचा कारभार पाहणारं लिबव्हर्ट यांना मग हॅसवेलची दुसरी ओळख तयार करावी लागली, हॅसवेल-नो-टीएसएक्स. पुढे २०१९ मध्ये टीएसएक्समधून माहिती झिरपते असं उघड झालं, आणि रेड हॅटने आपल्या आरएचईएल या लिनक्सच्या ८.३ आवृत्तीपासून ती सोय मुळातच बंद ठेवायचं ठरवलं. निर्णय योग्यच होता. पण खाजगी क्लाउड उभारणाऱ्या रेड हॅटच्या ओपनस्टॅकची १६.१ ही आवृत्ती आरएचईएल ८.२ वर चालत होती आणि १६.२ ही ८.४ वर. अपग्रेड करताना जुन्या होस्टवरच्या यंत्रांना टीएसएक्स दिसत होतं, नव्या होस्टवर ते नव्हतं. यंत्रं हलेनात. दोन्ही होस्टचं हार्डवेअर अगदी एकसारखं, एकाच दिवशी एकाच खोक्यातून निघालेलं असलं तरीही. तोडगा म्हणजे नव्या होस्टवर कर्नेलला सांगून टीएसएक्स मुद्दाम चालू करायचं, नाहीतर यंत्रं एकदा पूर्ण बंद करून चालू करायची. क्लाउड चालवणाऱ्याला 'यंत्रं बंद करा' हा सल्ला किती जिव्हारी लागतो ते सांगायला नको.

वरची थाप अशी सांभाळायची, तर खालच्या बाजूला खऱ्या हार्डवेअरशीही जुळवून घ्यायचं असतं. ईएसएक्सआयकडे अनेक वर्षं स्वतःचे पुरेसे ड्रायव्हर नव्हते. व्हीएमकेलिनक्स नावाच्या एका थरातून तो लिनक्सचे ड्रायव्हर वापरत असे. लिनक्सच्या परवान्याचा हा भंग आहे असा दावा लिनक्स विकासक क्रिस्टोफ हेलविग यांनी जर्मनीत केला. हॅम्बुर्गच्या न्यायालयांनी २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये तो फेटाळला, पण तोवर व्हीएमवेअरने तो थर काढून टाकायचं ठरवलंच होतं. २०१३ च्या ५.५ आवृत्तीपासून स्वतःचे ड्रायव्हर येऊ लागले आणि एप्रिल २०२० मध्ये ७.० आलं ते व्हीएमकेलिनक्सशिवाय. ज्या कार्डांच्या उत्पादकांनी नवा ड्रायव्हर लिहिला नाही, ती कार्डं त्या दिवसापासून ईएसएक्सआयला दिसेनाशी झाली. घरी जुन्या यंत्रांवर प्रयोगशाळा मांडून बसलेल्यांना रिअलटेकच्या नेटवर्क कार्डांमुळे हा धक्का पहिल्यांदा बसला. कार्यालयांत जुने स्टोरेज कंट्रोलर आणि नेटवर्क कार्डं अशी निघाली. सर्व्हर धडधाकट, वीज खातोय, पंखे फिरताहेत, पण नव्या आवृत्तीच्या लेखी त्याला डिस्कच नाही.

नावाच्या एका अक्षरानेही काय होऊ शकतं, याचा नमुना त्याच ७.० च्या वाटचालीत आहे. इंटेलच्या नेटवर्क कार्डांसाठी आय४०ईएन नावाचा ड्रायव्हर होता. मधल्या काही अपडेटमध्ये त्याचं नाव आय४०ईएनयू झालं, आणि पुढे पुन्हा आय४०ईएन. बदल एवढाच. पण अपग्रेड करणारं साधन पॅकेज ओळखतं ते नावाने. त्याला हे दोन वेगवेगळे ड्रायव्हर वाटले. काही होस्टवर दोन्ही एकत्र नांदू लागले, अपग्रेड अर्ध्यावर अडलं, आणि काही ठिकाणी एक होस्ट पडल्यास त्याची यंत्रं दुसऱ्यावर आपोआप सुरू करणारी एचए सोय चालू होईना. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेलं ७.० अपडेट ३ याच्यासह आणखी काही दोषांपायी नोव्हेंबरमध्ये डाउनलोडच्या पानावरून उतरवावं लागलं. २७ जानेवारी २०२२ ला अपडेट ३सी आलं, त्यात सगळ्या होस्टचा कारभार पाहणाऱ्या व्हीसेंटरला आधी होस्ट तपासून पाहायला शिकवलं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीचं अपडेट दोन महिन्यांहून अधिक काळ बाजारातून बाहेर, कारणांतलं एक कारण 'यू' हे अक्षर.

एसडी कार्डाची गोष्ट तर अनेकांनी भोगली. जुना ईएसएक्सआय सुरू होताना स्वतःला मेमरीत चढवून घ्यायचा आणि नंतर बूटच्या डिस्ककडे फारसं बघायचाही नाही. म्हणून कंपन्यांनी सर्व्हरमध्ये डिस्कऐवजी छोटी एसडी कार्डं घालून दिली. स्वस्त आणि पुरेशी. ७.० ने डिस्कची आतली मांडणी बदलली. नोंदी, क्रॅशची माहिती, टूल्स असं बरंच काही एका नव्या विभागात लिहिलं जाऊ लागलं. सतत लिहिणं एसडी कार्डाला सोसत नाही. काही महिन्यांत कार्डं झिजू लागली, होस्ट मधूनच प्रतिसाद देईनासे झाले. पुढे व्हीएमवेअरने सांगून टाकलं की एसडी आणि यूएसबीवर विसंबू नका, टिकाऊ डिस्क घाला. म्हणजे सॉफ्टवेअरच्या अपग्रेडसाठी शेकडो सर्व्हर उघडून पेचकस हाती घेणं आलं.

अपग्रेडचा क्रम ठरलेला आहे: आधी व्हीसेंटर, मग होस्ट, मग आभासी यंत्रांच्या आतली टूल्स, सर्वांत शेवटी आभासी हार्डवेअरची आवृत्ती. जुना होस्ट नव्या व्हीसेंटरला चालतो, नवा होस्ट जुन्या व्हीसेंटरला चालत नाही. ६.५ वरून ८.० वर थेट उडी मारता येत नाही, मध्ये ६.७ किंवा ७.० वर मुक्काम करावा लागतो. या सगळ्याचे तक्ते कंपनी देते. पण तक्त्यांत एक खोच आहे जी बाहेरच्याला खरी वाटत नाही. ६.७ चा अगदी ताजा पॅच बसवलेला होस्ट ७.० च्या सुरुवातीच्या आवृत्तीवर नेता येत नाही. आकडा मोठा, पण तारखेने ती आवृत्ती त्या पॅचच्या आधीची. त्या पॅचमधल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या तिच्यात नसतात, म्हणून तिच्यावर जाणं म्हणजे पुढे पाऊल टाकून मागे सरकणं. तेव्हा पाहायची ती तारीख, आकडा नव्हे. जो नेटाने दर महिन्याला पॅच बसवत राहिला, त्यालाच कधीकधी नव्या आवृत्तीचं पुढचं अपडेट येईपर्यंत खोळंबावं लागतं. अशी शिक्षा फक्त संगणकाच्या जगातच असावी!

हायपरव्हायझरभोवती बाकीचं गणगोतही असतं: बॅकअप, स्टोरेजची प्लगइन, आभासी नेटवर्क, देखरेखीची साधनं. प्रत्येकाचा स्वतःचा तक्ता. एखादी गोष्ट जुळली नाही आणि ओरडून बंद पडली तर ती परवडते. भीती असते ती न ओरडणाऱ्याची. ईएसएक्सआय ६.० मध्ये २०१५ साली सापडलेला दोष असाच होता. डिस्कचा कुठला भाग काल रात्रीपासून बदलला हे हायपरव्हायझर बॅकअप सॉफ्टवेअरला सांगतो, म्हणजे रोज सगळी डिस्क उचलावी लागत नाही. ६.० हे चुकीचं सांगत होतं. बॅकअप रोज यशस्वी, अहवालात हिरवी खूण, आणि आत काही तुकडे गायब. अपग्रेडनंतर बॅकअप झाला की नाही हे पाहणं पुरेसं नाही, त्यातून एखादं यंत्र खरोखर उभं करून पाहावं लागतं. हे काम कुणालाच आवडत नाही, कारण त्यात वेळ जातो आणि बहुतेकदा काही निघत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग यातून सुटका देतो असं नाही. ओपनस्टॅक २०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेस यांनी सुरू केलं, दर सहा महिन्यांनी त्याची नवी आवृत्ती येते. ऑक्टोबर २०१९ ची ट्रेन ही आवृत्ती पायथन २.७ वर चालणारी शेवटची होती, पुढच्या उसुरीला पायथन ३ च हवं. सेंटओएस ७ या लिनक्सवर क्लाउड चालवणाऱ्यांना त्यामुळे आधी ट्रेनपर्यंत यायचं, मग ट्रेन तशीच ठेवून खालची ऑपरेटिंग सिस्टीम सेंटओएस ८ वर न्यायची, आणि मगच पुढे जायचं, असं करावं लागलं. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२९ पर्यंत चालणार म्हणून सांगितलेलं सेंटओएस ८ आता २०२१ अखेरच बंद होणार. मेहनतीने तिथवर पोचलेल्यांना लगेच नवं घर शोधावं लागलं. सहा महिन्यांचा वेग लोकांना झेपत नाही हे ओपनस्टॅकवाल्यांनीही ओळखलं. २०२३ च्या अँटिलोपपासून मधली एक आवृत्ती गाळून वर्षातून एकदाच पुढे जाण्याची सोय त्यांनी अधिकृत केली.

मग अपग्रेड करूच नये का? त्याचं उत्तर ३ फेब्रुवारी २०२३ ला मिळालं. ईएसएक्सआयआर्ग्ज नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातले हजारो ईएसएक्सआय सर्व्हर कुलूपबंद केले. त्याबद्दल आधी इशारा देणाऱ्यांत फ्रान्सची सायबर सुरक्षा यंत्रणा होती. ज्या त्रुटीतून तो शिरत होता असं तिने सांगितलं, तिच्यावरचा पॅच फेब्रुवारी २०२१ पासून उपलब्ध होता. दोन वर्षं. ते सर्व्हर का पॅच केले नव्हते याची कारणं वरच्या परिच्छेदांत येऊन गेली आहेत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतलं आणि कायमस्वरूपी परवाने विकणं बंद केलं. वर्गणी भरा किंवा दुसरं काही शोधा, असा हिशेब झाल्यावर अनेक जण केव्हीएम या लिनक्सच्या हायपरव्हायझरवर आधारलेल्या पर्यायांकडे वळू लागले. इथे थाप नुसती बदलत नाही, थापाड्याच बदलतो. विंडोजला व्हीएमवेअरचा डिस्क कंट्रोलर ठाऊक असतो. केव्हीएम त्याला व्हर्टिओ नावाचा दाखवतं, आणि त्याचा ड्रायव्हर आधीच घालून ठेवला नसेल तर निळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असं लिहून यंत्र थांबतं. लिनक्स उठतं, पण व्हीएमवेअरवर ज्याला ईएनएस१९२ म्हणत होते त्या नेटवर्क कार्डाचं नाव आता वेगळंच असतं. मग फायरवॉलच्या नियमांपासून कुणीतरी कधीकाळी लिहिलेल्या स्क्रिप्टपर्यंत ईएनएस१९२ शोधत बसावं लागतं. खुद्द व्हीएमवेअरवरसुद्धा आभासी हार्डवेअर बदलल्यावर विंडोजला नवंच कार्ड आल्यासारखं वाटून त्याचा ठरावीक आयपी पत्ता हरवल्याची उदाहरणं आहेत.

परतीची वाट कुठवर उघडी आहे, हे अनुभवी माणूस सर्वांत आधी तपासतो. ईएसएक्सआय आपली मागची आवृत्ती शेजारी जपून ठेवतो. सुरू होताना शिफ्ट आणि आर दाबलं की तिच्यावर परतता येतं. पण ६.७ वरून ७.० वर जाताना डिस्कची मांडणीच बदलते, तिथे ही सोय नाही. आभासी हार्डवेअरची आवृत्ती वाढवली की ते यंत्र जुन्या होस्टवर चालत नाही: ६.७ अपडेट २ वर १५, ७.० वर १७, ८.० वर २०. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही क्लस्टरमध्ये जुने-नवे सर्व्हर काही काळ एकत्र चालवता येतात. मात्र क्लस्टरची कार्यपातळी वाढवायची आज्ञा एकदा दिली की जुना सर्व्हर परत त्यात घेता येत नाही. म्हणून सगळे होस्ट नवे झाले तरी जाणते लोक ही शेवटची आज्ञा लगेच देत नाहीत. महिनाअखेरचा हिशेब होऊ देतात, बॅकअपमधून दोन-चार यंत्रं उभी करून पाहतात, आणि मग एखाद्या शनिवारी रात्री ती देतात.